कॅमेरा कालव्यात पडला, एफडी मोडू का?

प्रश्न: इंदापूर तालुक्यात राहतो. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या काठानं मोतीला फिरवत होतो, गळ्यात कॅमेरा. मुंगूस दिसताच मोतीनं हिसका दिला. साखळी मनगटाला गुंडाळलेली असल्यानं मी सरळ पाण्यात गेलो. उजव्या हाताला सहा आठवडे प्लास्टर. कॅमेरा तीन वर्षांचा. त्याच्या बॉडीच्या (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याच्या) दुरुस्तीला ५८,००० आणि लेन्सला १४,००० सांगितलेत. नवी बॉडी १,७०,००० ला. नोकरीचा पगार ४५,०००, घरखर्च ३८,०००. तुळशीच्या लग्नानंतर पाच लग्नांच्या फोटोंच्या ऑर्डरी आहेत; प्रत्येकी २५,००० ठरलेत, त्यातला ८,००० ॲडव्हान्स घेतलाय. पुण्यात कॅमेऱ्याचं भाडं दिवसाला २,५०० आहे. १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ की १,८०,००० ची एफडी मोडू?

उत्तर: दोन्ही करू नका.

तुमच्या सगळ्या हिशेबात कॅमेरा आहे, मनगट कुठेच नाही. मला काळजी मनगटाची वाटते. पगार ४५,०००, घरखर्च ३८,०००, म्हणजे हातात उरतात ७,०००. हप्ता बसेल १४,१६७. वरची रक्कम फोटोग्राफीतून येणार, आणि ती करणारा हातच सध्या गळ्यात बांधलेला आहे. एफडी म्हणजे जेमतेम पावणेपाच महिन्यांचा घरखर्च. हाड जुळायला वेळ लागला, तर घर याच पैशावर चालेल. तिला हात लावू नका.

नो-कॉस्ट या शब्दावर विसंबू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो. दर १५ टक्के धरला, तर व्याज १३,००० च्या आसपास जातं. ईएमआय क्रेडिट कार्डवर असेल, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे २,३००, तुमच्या माथी. रोखीत मिळाली असती ती सवलत जाते ती वेगळीच.

बॉडी दुरुस्त करू नका, असं मी ठामपणे सांगेन. तीन वर्षं वापरलेल्या यंत्रात कालव्याचं गढूळ पाणी शिरलंय; आतला गंज महिन्यांनीही डोकं वर काढतो. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा बंद पडला, तर ते लग्न पुन्हा लागणार नाही. लेन्सचं मात्र तसं नाही. काच टिकते, पण ओल राहिली की बुरशी धरते. ते १४,००० या आठवड्यातच खर्च करा.

आता ऑर्डरी. पहिल्या दोन ऑर्डरी प्लास्टरच्या काळात येतात. त्या भरवशाच्या मित्राकडे द्या आणि प्रत्येकी ८,००० ॲडव्हान्सही त्याच्याकडे वळवा. उरलेल्या तिन्हींचे ७५,००० येतील. पैकी २४,००० आधीच तुमच्या खात्यात आहेत. तेवढ्यापुरता कॅमेरा भाड्यानं घ्या; पुण्यात भाडं दिवसाला २,५०० असल्याचं तुम्हीच लिहिलंय. तिन्ही लग्नांच्या मिळून सहा दिवसांचे १५,००० होतात. लेन्स धरून खर्च २९,०००, तोही या कामांतूनच निघतो. हंगाम संपल्यावर शिल्लक मोजा आणि मागच्या मॉडेलची किंवा वापरलेली चांगली बॉडी रोखीनं घ्या. त्याच दिवशी तिचा विमा उतरवा. अर्जात धंद्यासाठी वापर असं स्पष्ट लिहा आणि पाण्यानं झालेलं नुकसान धरलंय का, ते वाचून घ्या. कंपनीची वॉरंटी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

आणखी एक. नोकरीच्या ठिकाणी सामूहिक अपघात विमा आहे का, हे विचारा. काही पॉलिसींत तात्पुरत्या अपंगत्वासाठी आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते; कळवायची मुदत मात्र कमी असते. डॉक्टरांचा कागद आणि एक्स-रे जपून ठेवा.

मोतीवर राग धरू नका, साखळी यापुढे मुठीत धरा. पहिल्या दोन्ही घरांना मात्र आजच फोन करा. त्यांच्या तारखा जवळ आल्यात.