केळीचे पैसे त्या इंजेक्शनात घालू नका

या वेळीही निम्मी पत्रं एकाच इंजेक्शनाची. आधी तेच.

आबांना अल्झायमर आहे. मेंदूच्या नसा परत वाढवणारं ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ आलंय म्हणे. केळीचा माल गेला की पैसे येतील. घेऊ का? (रावेर)

नाही. हा घटक खोटा नाही. त्यासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. आठवणीला लागणारं अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी त्याच्या आधाराने तगतात आणि अल्झायमरमध्ये नेमक्या त्याच झडतात. पण हा घटक म्हणजे मोठं प्रथिन. दंडात टोचलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. स्वीडनमध्ये नळीने थेट मेंदूच्या पोकळीत सोडलं, तर पाठ धरली, वजन उतरलं. अमेरिकेत २००१ मध्ये हा घटक बनवणारा जनुक घातलेल्या पेशी शस्त्रक्रियेने मेंदूत बसवल्या, पुढे विषाणूमार्फत जनुकच सोडला. ४९ रुग्णांच्या त्या चाचणीत काहींवर, तुलनेसाठी, औषध न सोडता नुसती लटकी शस्त्रक्रिया केली होती. २०१८ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांत फरक नाही. दगावलेल्या रुग्णांचे मेंदू नंतर तपासले, तेव्हा औषध हव्या त्या पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं असं दिसलं. कल्पना अजून जिवंत आहे, उपचार मात्र झालेला नाही. कवटी उघडून नेम चुकला, तिथे दंडातली सुई काय करणार? खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुमच्याकडे मागितले ना? मग समजा. आबांचं बी-१२ आणि थायरॉईड तपासलंय का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रोज भिजवलेले बदाम? (शहादा)

खा. औषध म्हणून नको.

अल्झायमरची डोनेपेझिल गोळी सहा महिने चालू, फरक नाही. बंद करू? (भुसावळ)

मनाने नको. ते उरलेलं अ‍ॅसिटिलकोलिन टिकवतं, झडलेल्या पेशी परत आणत नाही. तब्येत आहे तिथेच राहिली, तर तोही फरकच. ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच भेटा. सोबत झोपेच्या, खाजेच्या, लघवीच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. त्यांतल्या काही विस्मरण वाढवतात.

वडिलांना आहे, मलाही होईल? (अमळनेर)

बहुतेकदा तसं सरळ वारशाने येत नाही. घरात अनेकांना साठीच्या आत झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

माय महिन्यापूर्वी ओट्यावर पडली. पंधरा दिवसांत एकदम विसरायला लागली, दिवसा झोपते. गल्लीतले म्हणतात, म्हातारी येडी व्हई गयी. दिवाळीनंतर दाखवू? (धुळे)

पंधरा दिवसांत अल्झायमर होत नसतो. डोक्यात रक्त साठलं असेल, सोडियम उतरलं असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल. यातलं बरंचसं बरं होतं. दिवाळी राहू द्या, आजच न्या. सीटी स्कॅन लागेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना दारातच सांगा.