मॅडमना ‘पटलं नाही’ हे कसं सांगू?

पत्र : मी जुळे सोलापुरात राहते. सासूबाई बोलल्या की मी गप्प बसते, मग छातीत धडधडतं. त्यासाठी समुपदेशक मॅडमकडे पाच वेळा गेले. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘घरी स्पष्ट बोला.’ मला ते झेपणारं नाही, तरी ‘हो’ म्हणून आले. आता जावंसंच वाटत नाही. बंद करू का?

उत्तर : ताई, बंद करायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी एकदा जा आणि हेच सांगा. घरात ‘हो’ म्हणून आतल्या आत कुढायची सवय त्या खोलीतही तुमच्याबरोबर गेली. ती मोडून बघायला तीच जागा सोयीची, कारण तिथे नाही म्हटलं तर कुणी अबोला धरणार नाही.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की उपचारातली भागीदारी तीन गोष्टींवर उभी असते : ध्येय, त्यासाठी करायचं काम आणि आपसातला विश्वास. तुमचं ध्येय दोघींना मान्य आहे. बिनसलं ते कामावर, कारण पायरी फार उंच दिली गेली. हे न सांगता तुम्ही जाणं थांबवलंत, तर मॅडमना कारण कधीच कळणार नाही.

सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांतच बोला. उठता उठता सांगितलं तर ते तसंच राहून जातं. तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठी वाचा : ‘मागच्या वेळी हो म्हटलं, पण मला भीती वाटली. छोटी पायरी हवी.’ मग दोघी मिळून एकच वाक्य ठरवा. ‘आत्या, आज भाकऱ्या सातऐवजी आठला करते,’ एवढं साधं चालेल. मॅडमना सासूबाई करून ते तीनदा म्हणा, दर वेळी धडधड दहापैकी किती ते लिहा. घरी करून बघायला साधा दिवस निवडा. गड्ड्याच्या यात्रेला नणंदा आल्या असताना नको, चारचौघांत दोघींनाही माघार घेता येत नाही.

चांगली समुपदेशक हे ऐकून कामाची पद्धत बदलते. ती रागावली, तुम्हालाच दोष दिला किंवा तुमचं बोलणं ओळखीत फुटलं, तर खुशाल दुसरीकडे जा. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. जिवाला धोका, कोर्टाचा आदेश अशा मोजक्याच गोष्टींत त्याला अपवाद.

आणि धडधडीसाठी डॉक्टरांना दाखवून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. मधल्या काळात फार घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.