वाचकांचे प्रश्न : सिंक सुरू होताच लेखनाचे अ‍ॅप बंद पडते

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे एका खेड्यात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या ओव्या, शेतांची जुनी नावे आणि सणावारांच्या आठवणी मोबाइलवरच्या एका लेखनाच्या अ‍ॅपमध्ये लिहून ठेवते. अशा सुमारे ४०० नोंदी झाल्या आहेत आणि त्या क्लाउडमार्फत (इंटरनेटवरच्या साठवणीतून) बेळगावात मुलाच्या संगणकावरही दिसतात. आषाढ लागल्यापासून मात्र अ‍ॅप उघडले, की सिंकचे, म्हणजे फोनमधल्या नोंदी क्लाउडशी जुळवून घेण्याचे, चक्र चार-पाच सेकंद फिरते आणि अ‍ॅप आपोआप बंद होते. त्याआधी मी केलेली शेवटची नोंद ‘बेंदराच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजींनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांतले न कळलेले शब्द’ या मथळ्याची होती. पावसामुळे घरात रेंज टिकत नाही, म्हणून असे होत असेल असे आधी वाटले. खानापुरातल्या मोबाइल दुकानदाराचे म्हणणे असे, की मराठी आणि कन्नड एकाच नोंदीत मिसळल्यामुळे अ‍ॅप गोंधळते; ते काढून टाकून पुन्हा घ्यावे. तसे करू का?

उत्तर : ताई, एवढे मात्र करू नका. अ‍ॅप काढले, की त्याने फोनमध्ये जपून ठेवलेले लेखनही त्याच्याबरोबर जाते. क्लाउडवर पोहोचलेल्या नोंदी पुन्हा उतरवता येतील. पण आषाढापासून सिंकच होत नसल्यामुळे तेव्हापासूनचे सगळे लेखन केवळ आपल्या फोनमध्ये आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी ते लेखन बाहेर काढून घेणे, हे पहिले काम.

त्यासाठी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय बंद असल्याची खात्री करा आणि मग अ‍ॅप उघडा. क्लाउडकडे जाण्याची वाटच बंद असल्यामुळे सिंक सुरू होणार नाही. या स्थितीत अ‍ॅप उघडे राहिले, तर आपल्या नोंदी शाबूत आहेत आणि दोष फक्त सिंकच्या टप्प्यावर आहे, असे खुशाल समजावे. नोंदींची यादी ‘शेवटचा बदल’ या क्रमाने लावा, आषाढापासूनच्या नोंदी एक्स्पोर्ट करा आणि त्या फायली मेमरी कार्डावर किंवा फोनला जोडता येणाऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. एक्स्पोर्टची सोय सापडली नाही, तर मजकूर निवडून, कॉपी करून तो फोनमधल्या साध्या नोंदवहीत चिकटवला तरी चालेल. काम कंटाळवाणे आहे, पण आजींनी दुसऱ्यांदा ओवी सांगताना ती तशीच सांगितली असे क्वचितच होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता कारणाकडे येऊ. दुकानदाराचा तर्क बाजूला ठेवावा. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींना युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, स्वतंत्र जागा आहे आणि एका ओळीत त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. सीमाभागातला वाद फोनच्या पोटात शिरलेला नाही. रेंज गेल्यामुळे सिंक अडते, अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते; मात्र रोज त्याच ठिकाणी, चार-पाच सेकंदांतच अ‍ॅप बंद पडत असेल, तर बहुधा एखादी ठरावीक नोंद घशात अडकलेली असते. माझा संशय आपण पत्रात दिलेल्या मथळ्यावरच आहे.

बरीच अ‍ॅप सिंक करताना प्रत्येक नोंदीची एक फाइल बनवतात आणि नोंदीचा मथळाच त्या फाइलीचे नाव म्हणून वापरतात. अँड्रॉइड फोनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचे छोटे माप) मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत हे सगळे सुटे मोजले जातात. ‘ओव्या’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरी दिसतो, पण मोजणीत ओ, व, हलंत, य आणि काना अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. आपला मथळा मी बोटांवर मोजून पाहिला : ८७ चिन्हांचे २६१ आणि मधल्या १२ मोकळ्या जागांचे १२, असे २७३ बाइट. त्यापुढे फाइलीचे शेपूट (.txt सारखे) लागते ते वेगळे. हाच मथळा रोमन लिपीत असता, तर शंभर-सव्वाशे बाइटांत भागले असते. (कन्नड लिपीलाही तीनच बाइट पडतात, तेव्हा त्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच नावेत आहेत.)

नोंद लिहिताना मथळा अ‍ॅपच्या आतल्या कोठारात राहतो, म्हणून तेव्हा काहीच बिघडत नाही. सिंकच्या वेळी फाइल बनवायला गेले, की फोन नकार देतो. नीट बांधलेले अ‍ॅप अशा वेळी नाव कापून घेते किंवा निदान तक्रार दाखवते. काही अ‍ॅपांच्या निर्मात्यांनी इतक्या लांब नावाची कल्पनाच केलेली नसते आणि ती तिथल्या तिथे कोसळतात. इंग्रजीत विचार करून बांधलेल्या घराची चौकट आपल्याला ठेंगणी पडते, ती अशी.

उपाय सोपा आहे. एअरप्लेन मोड चालू असतानाच त्या नोंदीचा मथळा ‘बेंदूर ओव्या १’ इतका आखूड करा आणि जुना लांब मथळा नोंदीच्या पहिल्या ओळीत उतरवून ठेवा, म्हणजे संदर्भ हरवणार नाही. अ‍ॅप नोंदीची पहिली ओळच मथळा म्हणून उचलत असेल, तर तो दुसऱ्या ओळीत लिहावा. मथळ्यांत प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे इंग्रजी अपूर्णविरामाचे चिन्ह, दुहेरी अवतरण किंवा तिरकी रेघ असेल, तर तीही काढा. ही चिन्हे विंडोजच्या फाइलनावात चालत नाहीत आणि मुलाच्या संगणकावर तीच नोंद अडून बसते. मग रेंज स्थिर असेल अशा ठिकाणी, खानापुरात किंवा बेळगावात गेल्यावर, अ‍ॅप समोर उघडे ठेवून सिंक होऊ द्या. पडदा मालवून फोन पिशवीत टाकू नका, कारण बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चाललेली कामे थोपवून धरते.

एवढ्याने भागले नाही, तर दोन गोष्टी पाहाव्यात. फोनमध्ये मोकळी जागा किती उरली आहे, ही पहिली. क्लाउडची जागा भरली आहे का, ही दुसरी. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यांत ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो असे तिघेही वाटेकरी असतात, त्यामुळे नातवंडांच्या व्हिडिओंनी ओव्यांची जागा खाल्लेली असू शकते. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची कॅशे साफ करायला हरकत नाही. मात्र तिथे दोन बटणे जवळजवळ असतात : एकावर ‘कॅशे’ असते, दुसऱ्यावर ‘डेटा’ किंवा ‘स्टोरेज’. पहिले बटण तात्पुरता कचरा काढते, दुसरे अ‍ॅपमधले लेखन पुसते. मी स्वतः एकदा चष्मा न लावता दुसरे दाबले होते आणि एका पावसाळ्याच्या टिपणांना मुकलो होतो.

एअरप्लेन मोडमध्येही अ‍ॅप बंद पडत असेल, तर बिघाड अ‍ॅपच्या आतल्या कोठारात आहे. अशा वेळी फोनला हात न लावता मुलाला संगणकाच्या ब्राउझरमधून क्लाउडचे खाते उघडायला सांगा, तिथे किती नोंदी पोहोचल्या आहेत ते मोजायला सांगा आणि त्यांची एक प्रत संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायला सांगा. वेगळ्या यासाठी, की सिंकच्या फोल्डरमधली नोंद एका ठिकाणी पुसली गेली, की ती दुसरीकडूनही पुसली जाते. अ‍ॅप काढून पुन्हा घेण्याची वेळ आलीच, तर आषाढापासूनचे सगळे लेखन बाहेर सुखरूप आहे, हे प्रत्येक फाइल उघडून, तिची शेवटची ओळ वाचून पाहिल्यावरच ते करावे.

प्रश्न : मी निपाणीचा. घरी सिंक व्यवस्थित होते, पण कोगनोळीकडच्या शेतावर गेलो, की ‘ऑफलाइन’ असे दिसते, जरी रेंजच्या काड्या भरलेल्या असतात. अ‍ॅपमध्ये दोष आहे का?

उत्तर : अ‍ॅपमध्ये नसावा. हद्दीजवळ फोन कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, तर कधी पलीकडच्या महाराष्ट्रातला. पलीकडचा टॉवर पकडल्यावर काही फोन त्याला रोमिंग समजतात, आणि सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल, तर काड्या दिसूनही इंटरनेट चालत नाही. शेतावर असताना काड्यांजवळ ‘आर’ हे इंग्रजी अक्षर उमटते का ते पाहा. उमटत असेल, तर डेटा रोमिंग सुरू करा. अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही ‘रोमिंगमध्ये सिंक नको’ अशी खूण असल्यास तीही काढा.

प्रश्न : मी बेळगावात महाविद्यालयात शिकते. ‘दऱ्याखोऱ्यांतले पाणी’ हा माझा लेख मी फोनवर लिहिते आणि भावाच्या संगणकावर दुरुस्त करते. आता क्लाउडवर त्याच नावाच्या दोन फायली दिसतात आणि दोघींतला मजकूर वेगळा आहे. नाव तर अक्षरशः सारखे आहे.

उत्तर : दिसायला सारखे आहे, साठवायला नाही. गोम ‘ऱ्या’मध्ये आहे. ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येते किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. शिवाय काही कीबोर्ड ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तिसऱ्याच रीतीने ते साधतात. आपल्या डोळ्यांना तिन्हींत फरक दिसत नाही. संगणक मात्र चिन्हांचे क्रमांक ताडून पाहतो आणि त्याला ही निरनिराळी नावे वाटतात. फोनच्या कीबोर्डने एक रीत वापरली असेल आणि भावाने नाव पुन्हा टाइप करताना दुसरी, तर अ‍ॅप दोन स्वतंत्र फायली करून मोकळे होते.

खात्री करून घ्यायची असेल, तर नावातल्या पहिल्या ‘ऱ्या’च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. बहुतेक ठिकाणी आधी काना जाईल, मग ‘य’, मग हलंत. त्यानंतर एका नावात नुक्ता सुटा गळून मागे ‘र’ उरेल, तर दुसऱ्यात अख्खा ‘ऱ’ एकदम जाईल. हा प्रयोग नावाची प्रत काढून तिच्यावर करावा.

यातली कोणतीही फाइल लगेच पुसू नका. दोन्ही शेजारी उघडून शेवटच्या बदलाची वेळ पाहा, परिच्छेद ताडून मजकूर एका नव्या नोंदीत एकत्र करा आणि तिला ‘ऱ’ नसलेले नाव द्या. ‘पाणी लेख’ एवढे पुरे. लेखाच्या आत ‘दऱ्याखोऱ्या’ हवे तितके वेळा येऊ द्यात, तिथे अडचण नाही. यापुढे भावाने नाव नव्याने टाइप न करता तीच नोंद उघडून दुरुस्ती करावी, आणि त्याने संगणकावरची नोंद बंद करून सिंक पुरे झाल्याची खूण दिसल्यावरच आपण फोनवर ती उघडावी.