भिंत तीच, लेखिका बदललेली

प्रश्न : अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या चार-पाच कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. कधी ग्रह वेगळा, कधी बेट वेगळं, पण एकटा माणूस परक्या मुलखात जातो आणि बदलून जातो, हे सगळीकडे तेच. त्या स्वतःचीच नक्कल करत होत्या का?

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हा एकटा माणूस त्यांच्या घरातच होता म्हणा ना. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला एकटा उरलेला इशी १९११ साली डोंगरातून बाहेर आला, तेव्हा त्याच्यासोबत काम करणाऱ्यांत ते होते. पुढे आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत गेथेन ग्रहाच्या बर्फात एकटा दूत होऊन उतरलेला गेन्ली आय वाचताना मला इशी आठवतोच.

पण नक्कल? नाही. त्या माणसाऐवजी त्याच्या वाटेतली भिंत बघा. ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) सुरूच होते ती अनारेस नावाच्या जगातल्या अवकाशतळाभोवतीच्या भिंतीपासून. मूलही चढून जाईल इतकी ती बुटकी. तरी तिच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

त्याआधी, बेटांच्या जगात घडणाऱ्या ‘अर्थसी’ मालिकेतल्या ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये (१९७२) जिवंत आणि मृत यांच्यामध्ये अशीच एक ठेंगणी दगडी भिंत आहे. पलीकडे कोरडा, अंधारा मुलूख. तिथे एकमेकांवरच्या प्रेमापायी मेलेली माणसंही रस्त्यात शेजारून निघून जातात, ओळख देत नाहीत. ही दोन ओळींची जागा मला अख्ख्या कादंबरीतली सर्वांत भयंकर वाटते. जगाचा नियमच असा, असं तिथे आपण धरून चालतो. दोन जगांमध्ये पडलेलं भगदाड बुजवताना नायक असलेल्या गेड या जादूगाराची सगळी जादू खर्ची पडते.

आणि २००१ साली, त्याच मालिकेतल्या ‘द अदर विंड’मध्ये, ले ग्विन त्याच भिंतीपाशी परत येतात. फुटकी भांडी सांधणारा एक साधा जादूगार, आल्डर, रोज स्वप्नात तिथे पोचतो आणि पलीकडून त्याची मेलेली बायको हात पुढे करते. ती त्याला ओळखते! मग कळतं की ही भिंत निसर्गाची नव्हेच. अमर होण्याच्या हव्यासापायी माणसांनीच ती घातली होती. शेवटी जिवंत आणि मृत मिळून तिचे दगड उपसतात.

सत्तरी ओलांडलेली लेखिका आपण रचलेल्या जगाचा पायाच तपासायला काढते. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

याच मालिकेतली ‘तेहानू’ (१९९०) वाचली नसेल तर ‘द अदर विंड’च्या आधी जरूर वाचा. जादू गमावलेला गेड आणि भाजलेली ती लहान मुलगी भेटल्याशिवाय शेवटचं पुस्तक अर्धंच कळेल.