कॉर्मोरंट, शॅग आणि आपला पाणकावळा

प्रश्न असा होता : इंग्रजीत कॉर्मोरंट आणि शॅग अशी दोन नावं आहेत, मग मराठीत दोघांनाही पाणकावळा म्हणणं चूक ठरेल का?

मुळीच नाही. ब्रिटनमध्ये या कुळातले दोनच पक्षी वीण करतात. थोरल्याला तिथे कॉर्मोरंट म्हणत आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर तुरा मिरवणाऱ्या धाकट्याला शॅग. पुढे हीच दोन नावं जगभरच्या भाईबंदांना चिकटली, तीही कुठलाच नियम न पाळता. आपला मोठा पाणकावळा न्यूझीलंडमध्ये ‘ब्लॅक शॅग’ होतो! तिथला पिट बेटावरचा शॅग आताच्या वर्गीकरणात याच मोठ्या पाणकावळ्याच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) आहे, आणि ज्याच्यावरून शॅग हे नाव आलं तो युरोपीय पक्षी मात्र वेगळ्या प्रजातीत. कॉर्मोरंट शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला ‘समुद्रकावळा’च आहे.

म्हणूनच ‘शॅग धोक्यात आहेत’ असं वाक्य अनुवादात दिसलं की मला फार खटकतं. कोणते शॅग? या कुळात चाळीसेक जाती आहेत आणि प्रत्येकीची स्थिती निराळी. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचा अतिसंकटग्रस्त आहे, पिट बेटावरचा संकटग्रस्त, तर युरोपीय शॅगला जागतिक पातळीवर तूर्त धोका नाही. कॉर्मोरंट म्हणवणारेही सुखात आहेत असं नाही. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावरचा केप पाणकावळा संकटग्रस्त आहे, कारण त्याचं मुख्य खाद्य असलेले सार्डिन आणि अँचोव्ही मासे घटले. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बेरिंग बेटावरचा चष्मेवाला पाणकावळा तर बेसुमार शिकारीने 1850च्या सुमारास संपलाच. त्याला जिवंत पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवणारा निसर्गअभ्यासक एकच, 1741 साली तिथे पोहोचलेला जॉर्ज स्टेलर. हे वाचताना आजही वाईट वाटतं.

तेव्हा पाणकावळा हे कुळाचं नाव ठेवावं आणि पुढे जातीचं विशेषण जोडावं : चॅथम पाणकावळा, केप पाणकावळा. विशेषण मात्र पारखून घ्यावं. गालापागोसच्या पाणकावळ्याला काही जण ‘पंखहीन’ लिहितात. त्याला पंख आहेत, खुरटलेले, आणि पाण्याबाहेर आल्यावर तो ते पसरून वाळवतोही. त्याला ‘न उडणारा’ म्हणावं. 1982-83च्या एल निनोत त्याची संख्या निम्म्यावर आली होती.

आणि सापासारख्या मानेचा तिरंदाज पक्षी पाणकावळ्यांत घालू नये. त्याचं कूळ वेगळं आहे.