'आज नाही' म्हणायला शिकवणारं कॉलेज

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. तुला साहसी शिक्षण, म्हणजे डोंगर-दर्यातल्या साहसातून माणसाला शिकवणं, आणि वेलनेस, म्हणजे तन-मन निरोगी राखणं, यात पदवी करायची आहे. आई म्हणते, सरळ बी.एस्सी. कर. बाबा म्हणतात, घरची बोट आहे, घरचं न्याहारी-निवास आहे, शिकायला बाहेर कशाला जायचं? तिघांचंही म्हणणं मला पटतं, हीच पंचाईत आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

तुला पोहता येतं, होडी वल्हवता येते, खडकावरून सूर मारता येतो. देवबागच्या मुलीला हे येणारच. पण या शिक्षणात त्याचे गुण फार थोडे. तुझं खरं गिऱ्हाईक म्हणजे पाण्याला घाबरणारा माणूस, आणि त्याला सांभाळणं हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमेलच असं नाही.

गेल्या हंगामात मालवणच्या दांडी किनाऱ्याहून सुटलेल्या एका बोटीवर मी होतो. सोलापूरकडची एक बाई मुलाच्या हट्टापायी स्कूबाला आली होती. सूट चढवून झाला, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा लागला, मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून तो खळबळून दिला, आणि ती पाण्यात उतरून बोटीच्या कडेला दोन्ही हातांनी लटकली. बोटांची पेरं पांढरीफटक. तिला शिकवणारा पोरगा तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याने तिचे हात सोडवले नाहीत. "काकी, फक्त तोंड पाण्यात घाला, खाली जायचं नाहीच," एवढंच म्हणाला. नळीतून दोन-चार श्वास घ्यायचे, वर यायचं, पुन्हा दोन-चार. त्याचं सगळं लक्ष तिच्या बुडबुड्यांकडे होतं. ते तुटक आणि घाईघाईने येत होते. थोड्या वेळाने तिने मान हलवली: नको. तो "बरं" म्हणाला, शिडीवर पाय ठेवून दिला, टॉवेल दिला आणि तिच्या मुलाकडे बघून म्हणाला, "आई पहिल्यांदाच उतरून एवढा वेळ पाण्यात राहिली, बघितलंस ना?" मागे कुणीतरी पुटपुटलं की गिऱ्हाईक फुकट गेलं. पोराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आव्हान किती पेलायचं ते ज्याचं त्यानेच ठरवायचं, हे तत्त्व अमेरिकेत 1971 साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर या संस्थेने शाळाशाळांत रुजवलं. त्या पोराने हे नाव ऐकलेलंही नसेल. त्याला ते उपजत आलं. पण उद्या हाताखाली चार नवी मुलं आली, तर आपण नेमकं काय केलं आणि का केलं हे त्याला सांगता येणार नाही. कॉलेजात जायचं ते त्यासाठी. तुझ्या बाबांना जे येतं ते दुसऱ्याला शिकवता येईल अशा रूपात तुला आणायचं आहे.

आणि हा विषय काही डोंगरवाल्यांनी शोधलेला नाही, बरं का. जन्म समुद्रावरचाच. दुसऱ्या महायुद्धात पाणतीरांनी जहाजं बुडत होती, आणि ब्रिटिश जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या नजरेला आलं की होडीत तगून राहण्यात तरुण, धडधाकट खलाशी कमी पडतात आणि वयाने मोठे, मुरलेले खलाशी निभावून नेतात. कमी होती ती अनुभवाची आणि स्वतःवरच्या भरवशाची. मग कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाबरोबर त्यांनी 1941 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर, अ‍ॅबरडोव्ही गावी, आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली. आज अ‍ॅरिझोनातल्या प्रेस्कॉट कॉलेजासारख्या ठिकाणी साहसी शिक्षण हा पदवीचा विषय आहे. आपल्याकडे गिर्यारोहणाच्या संस्था जुन्या आहेत, दार्जिलिंगची 1954 ची, उत्तरकाशीची 1965 ची. पण त्या पदवी देत नाहीत, अभ्यासक्रम घेतात.

वर्गात काय शिकवतात, ते थोडक्यात सांगतो. अनुभवातून शिकण्याचं, शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांचं चक्र असतं: करा, मागे वळून बघा, त्यातून काय कळलं ते मांडा, पुन्हा करून बघा. वेलनेसच्या भागात अमेरिकेतले डॉक्टर बिल हेटलर यांनी 1976 मध्ये मांडलेल्या सहा बाजू येतात, म्हणजे शरीर, भावना, बुद्धी, काम, माणसं आणि अध्यात्म. परीक्षेपुरतं हे दोन दिवसांत पाठ होईल. शिबिर संपल्यावर मुलांना गोल बसवून "काय झालं, त्याचं काय, आता पुढे काय" हे तीन प्रश्न विचारणं मात्र वर्षानुवर्षं जमत नाही. बहुतेक जण तिसऱ्या मिनिटाला स्वतःच भाषण सुरू करतात. गप्प बसायला शिक. मुलं बोलतात, फक्त आपल्याला वाटतं त्याहून उशिरा.

वेलनेसबद्दल एक सावधगिरी. समुद्राकाठी रात्री शेकोटीपाशी मुलं अशी गोष्ट सांगून बसतात जी त्यांनी घरी कुणाला सांगितलेली नसते. ऐकून घे, पण उपचार करायला जाऊ नकोस. तू समुपदेशक नाहीस. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416. तो पाठ असू दे, आणि संस्थेत अशा वेळी कुणाला कळवायचं ते आधीच विचारून ठेव. चार आसनं आणि श्वासाचे दोन प्रकार शिकून 'वेलनेस कोच'ची पाटी लावणारे किनाऱ्यावर पुष्कळ झालेत. योगाकडे जायचं असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासून त्यात आहे, आणि आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षाही आहेत. रीतसर शीक.

आता मुख्य मुद्दा. या धंद्यात जीव वाचतो तो बहुतेक वेळा पाण्यात उतरण्याआधी. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तुला आठवत असेल, तुमच्याच किनाऱ्यावरची गोष्ट. सगळ्यांना भीती वाटते ती खोल पाण्याची. अपघात झाला तो सगळं आटोपून परत येताना. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ती तर नुसती समुद्रात खेळायला उतरली होती. म्हणून कॉलेज निवडताना मी एकच गोष्ट बघेन: तिथे निर्णय घ्यायला कोण शिकवतो, आणि तो चुकला तर सांगायला जवळ कोण उभा असतो.

बाबांच्याकडे यातलं निम्मं शिक्षण आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, हे ते बोटांवर करतात. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, उशिरा येतो म्हणून पाऊणपट, हे तुला पुस्तकात मिळेल. हेही मिळेल की मालवणची वेळ मुंबईच्या थोडी आधी येते, आणि उधाणाला मुंबईत पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं तिथे आपल्याकडे ते दोनेक मीटरच. पण पुनवेच्या ओहोटीला कर्ली नदीच्या मुखातून पाणी बाहेर धावत असताना तिथे कयाक न्यायची की नाही, हे पुस्तक सांगत नाही. सकाळी वाऱ्याकडे आणि पाण्याच्या रंगाकडे बघून बाबा म्हणतात, "आज दर्यात जावचा नाय." का, ते विचार. उत्तर सरळ मिळणार नाही, चिडतीलही. तरी विचार आणि वहीत लिही. अशी वही घेऊन कॉलेजात गेलीस तर प्राध्यापकच तुझ्याकडून शिकतील.

आणि मग बुकिंग झालेलं असताना, पनवेलहून रात्रभर गाडी हाकत आलेली पंधरा माणसं किनाऱ्यावर उभी असताना, "आज नाही" म्हणायचं. मालकाचं तोंड वाकडं होईल. शेजारची बोट तेवढ्यात गिऱ्हाईक भरून निघेल. तेव्हा पाय घट्ट रोवून उभं राहायला शिकवणारा गुरू जिथे असेल तिथे प्रवेश घे, मग त्या कॉलेजची इमारत गळकी का असेना.

आपल्याकडे या नावाची पदवी सहजासहजी मिळत नाही, म्हणून जोड लावावी लागेल. मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण किंवा पर्यटन यातला एक मुख्य विषय घे. नव्या शैक्षणिक धोरणात दुय्यम विषय असतो, आणि कामावर जाऊन करायच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक (क्रेडिट) असतात; तिथे समुद्र घुसव. एका वर्षावर प्रमाणपत्र, दोनवर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण ती आईला सांगू नकोस. तीन वर्षं पुरी कर. उद्या शाळेत नोकरी करावीशी वाटली तर पदवी लागेलच, आणि पुढे बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीचंही दार उघडं राहील.

हाताचं शिक्षण वेगळं. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा संस्था तारकर्लीला, तुझ्या घराशीच आहे. पॅडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला की 18 मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्डला 30. मग रेस्क्यू, म्हणजे बचावाचा कोर्स, आणि वयाची 18 पुरी झाली की डाइव्हमास्टर. घाई रेस्क्यूची कर, खोलीची नको. पर्यटकाला आपण नेतो ते 12 मीटरच्या आतच. बोट चालवणं आणि जीवरक्षण यासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. डोंगराची ओढ असेल तर उत्तरकाशीचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स कर, आणि तिथे 'ए' श्रेणी आण, नाहीतर अ‍ॅडव्हान्स्डला घेत नाहीत.

प्रथमोपचार मात्र आधी, कॉलेज सुरू व्हायच्याही आधी. आपल्याकडे बुडालेल्या माणसाला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढतात. ते बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत येतं. नुसती छाती दाबायचे व्हिडिओ फिरतात ते मुख्यतः हृदय अचानक बंद पडलेल्यासाठी. बुडालेल्याचा आधी श्वास थांबलेला असतो, म्हणून त्याला सुरुवातीलाच तोंडाने श्वास द्यायचे, मग 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने. हे वाचून येत नाही. सरावाच्या पुतळ्यावर घाम निघेपर्यंत करावं लागतं आणि दर दोन वर्षांनी पुन्हा.

पैशाचं आई विचारणारच. हंगाम ऑक्टोबर ते मे. मे संपता संपता जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट उलटेपर्यंत. पावसाळ्यात घरचा खर्च निघेल एवढं दुसरं काहीतरी हाताशी हवं, शाळांची शिबिरं, योगवर्ग, काहीही. विद्यार्थिनी म्हणून तुला उलट बरं आहे, दर्या बंद असतो तेव्हा कॉलेज सुरू असतं. मेची गर्दी आणि सेमिस्टरची परीक्षा तेवढी एकमेकांच्या उरावर येतात. परीक्षा आधी.

बायकांचे गट हल्ली आवर्जून विचारतात, शिकवायला मुलगी आहे का म्हणून. आपल्या किनाऱ्यावर अशा मुली फार थोड्या. हा तुझा फायदा आहे. पण मुक्कामी शिबिरांना जाण्याआधी तूही विचार: झोपायची सोय कुठे, सोबत दुसरी बाई कोण, तक्रार कुणाकडे करायची? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने सक्तीचं आहे. हा प्रश्न विचारल्यावर जो हसेल त्याच्याकडे काम करू नकोस.

प्रशिक्षणाला कुठे जाशील तिथेही हेच. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानंतर अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हण. मग अपघातांची वही मागून बघ. ज्या वहीत खरचटल्याचीही नोंद आहे ती संस्था बरी. वही कोरी असेल तर निघून ये.

ज्या दोन कॉलेजांची नावं तू पाठवलीस, तिथे प्राचार्यांना नको, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फोन लाव. वर्षभरात प्रत्यक्ष गट किती दिवस हाताळला आणि तेव्हा शिक्षक किनाऱ्यावर होते की कँटीनमध्ये, एवढं विचार. काय म्हणतात ते मला कळव. आणि हो, बाबांच्या बोटीवर लाइफ जॅकेटं किती आहेत, त्यातली लहान मुलांच्या मापाची किती, बकल तुटलेली किती, तेही मोजून पाठव. गणपतीला येताना कमी असतील तेवढी घेऊन येतो. बाबा पैसे देऊ करतील, घेणार नाही म्हणून सांग.

तुझा,
काका