वाचकांचे प्रश्न: ऑनलाइन शब्दकोशात पुस्तकातली ओळ द्यायची तर कशी?

प्रश्न: आम्ही काही मैत्रिणी मराठी विक्शनरीवर शब्दांच्या नोंदी भरतो. नुसता अर्थ दिला की नोंद कोरडी वाटते, म्हणून पुस्तकांतली वाक्यं टाकायला लागलो. कोणी म्हणतं लेखकाचं नाव पुरे, कोणी म्हणतं पान नंबरही हवा. आणि जुन्या पुस्तकातले ते सगळे अनुस्वार काढून टाकायचे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, नुसत्या नावाने काही होत नाही. शब्दकोशातलं वाक्य म्हणजे पुरावा, हा शब्द या साली या अर्थाने खरंच वापरात होता याचा, आणि पुरावा म्हटला की तो दुसऱ्या कुणालाही तपासता आला पाहिजे, म्हणून लेखक, पुस्तक, पहिल्या प्रकाशनाचं साल, तुमच्या हातातल्या आवृत्तीचं साल आणि पान एवढं द्याच. दोन सालं कशाला असं वाटेल, पण बघा, गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं. तुम्ही नंतरची आवृत्ती वाचून तिचंच साल टाकलंत तर शब्द आहे त्यापेक्षा कितीतरी नवा दिसणार, आणि फक्त १८६३ टाकलंत तर वाचणाऱ्याला ते पान सापडणार नाही.

ज्ञानेश्वरीला पान नको, अध्याय आणि ओवी द्या. तुकोबांच्या गाथेचं मात्र सांभाळून, तिथे आवृत्ती बदलली की अभंगाचा क्रमांक बदलतो, त्यामुळे नुसता नंबर देऊन उपयोग नाही, कुठली गाथा तेही लिहा. दाते-कर्वेंच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८, सात विभाग) ‘ज्ञा’, ‘तुगा’ असे संक्षेप दिसतात, ती छापील कोशाची जागेची अडचण होती, ऑनलाइन ती नाही, तेव्हा पूर्ण नाव लिहा, नव्या वाचकाला संक्षेपांची यादी शोधायला लावू नका. आणि त्या कोशातलंच अवतरण उचलताय तर ‘दाते-कर्वे यांच्या कोशात उद्धृत’ असं स्पष्ट लिहा, मूळ पुस्तक आपण बघितल्यासारखं दाखवू नका.

अनुस्वारांना हात लावायचा नाही, अजिबात नाही! आज आपण लिहितो ते नियम १९६२ नंतरचे, त्याआधीचा माणूस ‘नाहीं’, ‘मुलें’ असंच लिहायचा, ते सुधारलंत की पुरावाच बदलला. नोंदीचं शीर्षक आजच्या लेखनात ठेवा, अवतरण जसंच्या तसं.

वाक्य निवडताना गाजलेल्या ओळींच्या मागे लागू नका असं मला मनापासून सांगायचंय. ज्या वाक्यातून अर्थ आपोआप कळतो ते वाक्य चांगलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या घ्या, घरातले, माजघरातले, नात्यागोत्यातले शब्द तिथे बोलण्यात येतात तसे सापडतात.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर पुलंच्या नावाने आलेलं वाक्य चालेल का?

उत्तर: नाही. पुस्तकात पान सापडलं तरच.

प्रश्न: कॉपीराइटचं काय? फक्त जुनीच पुस्तकं वापरायची का?

उत्तर: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबा. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात. हक्कात असलेल्या पुस्तकातलंही एखादं वाक्य नाव-पानासकट घ्यायला मी घाबरणार नाही, संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. फक्त विक्शनरीवरचा मजकूर कोणीही पुढे वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा, त्यामुळे एका वाक्यावर थांबा आणि छोटी कविता अख्खी टाकू नका.

पण भीतीपोटी फक्त मोकळी झालेलीच पुस्तकं घेतलीत तर कोशात कोणाची मराठी उरेल याचा विचार करा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चं, सगळी हक्कातली. कामाठीपुऱ्याचे, गिरणगावाचे, वस्तीतले शब्द या पुस्तकांत आहेत आणि जुन्या कोशांत त्यातले बरेच शोधून मिळत नाहीत. हे शब्द बोलणारी माणसं याच शहरात आहेत, त्यांच्या शब्दालाही छापील पुरावा मिळायला हवा. तेव्हा पुढच्या दहा नोंदी अशा पुस्तकांतून करा, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा, आणि वाक्य उतरवताना त्याच कागदावर आवृत्ती नि पान लिहून घ्या.